मॉडबाईंचे वडील आणि वामनराव

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, कुलस्वामिनीचे स्मरण करून आणि ज्या मातापित्यांनी हा देह व ही वाणी दिली त्यांना वंदन करून हे चार शब्द लिहावयास घेतो. निमित्त असे की, आमचे परमस्नेही कै. वामनराव लेले यांचे वर्षश्राद्ध येत्या गुरुवारी, आम्ही राहतो त्या परदेशी बेटावर, यिशुन वस्तीतील त्यांच्या राहत्या फ्लॅटमध्ये होत आहे. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी यांनी निरोप धाडला की, त्या दिवशी मंत्र तर तुम्ही म्हणालच, परंतु यांच्याविषयी काही लिहूनही आणा, म्हणजे जमलेल्यांना वाचून दाखवता येईल. वर बजावले, "खरं तेवढंच लिहा. हसले लोक तर हसू देत. हे होते तेव्हाही हसतच होते."

वामनराव व्यवसायाने जहाजावरील चीफ इंजिनिअर. पुढे समुद्र सोडून ते जुरोंग आयलंडवरील एका कारखान्यात यंत्रांची निगा राखण्याचे काम करीत, आणि तेथूनच निवृत्त झाले. उंची बेताची, चालणे तुरुतुरु, आणि कान मात्र असे की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जावी. कोणत्याही यंत्रापुढे ते आले की, खिशातील स्क्रू-ड्रायव्हरचे टोक यंत्रास लावीत, मूठ कानास लावीत, आणि डोळे मिटून घेत. समाधिस्थ पुरुषाचे वर्णन मी ग्रंथांत पुष्कळ वाचले आहे. प्रत्यक्ष दर्शन मला या गृहस्थांच्या ठायी, आणि तेही आमच्या राइस कुकरसमोर घडले.

एकदा त्यांनी राहत्या इमारतीच्या, म्हणजे ब्लॉकच्या, लिफ्टची भिंत अशीच ऐकली आणि आतले बेअरिंग रडत असल्याचे जाहीर केले. कोणी लक्ष दिले नाही. तिसऱ्या दिवशी लिफ्ट मधेच थांबली. आत वामनराव स्वतःच होते. दार उघडून त्यांना बाहेर काढले, तेव्हा त्यांच्या मुखावर जो आनंद विलसत होता तो मला अद्याप आठवतो. अडकलेल्या मनुष्याचा तो चेहराच नव्हे; तो खरा ठरलेल्या मनुष्याचा चेहरा होता.

त्यांच्या कारखान्यात असा दंडक होता की, यंत्रात एक जरी दोष, त्यांच्या भाषेत 'रिमार्क', शिल्लक असेल तर त्यावर लाल चिठ्ठी लटकवावी, ज्याने ती लटकवली त्यानेच ती काढावी, आणि तोवर साक्षात मालक आला तरी यंत्र सुरू करू नये. निवृत्त होताना इतर लोक घड्याळ आणतात. वामनरावांनी या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणला. घरातील मिक्सर, गीझर, शिवणयंत्र यांवर त्या वेळोवेळी लटकत. एकदा प्रेशर कुकरवर चिठ्ठी लागली तेव्हा आत वरण होते आणि बाहेर आम्ही सहा पाहुणे होतो. आम्ही सर्वांनी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांवर, जाऊन भोजन केले. सुमतीवहिनींनी त्या प्रसंगी, एक चिठ्ठी स्वतःच्या तोंडालाही लावून पाहा, अशी सूचना केल्याचे स्मरते. वामनराव शांतपणे म्हणाले, "रिमार्क ओपन आहे. क्लोज झाल्याशिवाय सुरू नाही." हे त्यांचे जीवनसूत्र होते.

आता मूळ कथेकडे वळतो.

त्यांचा नातू निनाद वन-नॉर्थ येथे संगणकाच्या कचेरीत काम करतो. त्याचे वडील जहाजावर, वर्षातील बहुतेक काळ पाण्यावर. म्हणून घरातील निर्णय आजोबांचे. निनादने आपल्याच कचेरीतील एमिली ऑल्डरविक या इंग्रज मुलीशी विवाह करण्याचा मनोदय सांगितला. सुमतीवहिनींनी मुलीस तिखट चालते का एवढेच विचारले, आणि चालते असे कळताच विषय संपवला. वामनरावांनी मात्र उभे राहून घोषणा केली की, हा विवाह यथाशास्त्र होईल, एकही पायरी गाळली जाणार नाही, आणि पौरोहित्य मी करावे.

मी त्यांना सांगितले की, कन्यादानाच्या संकल्पात मुलीचे पिता, पितामह आणि प्रपितामह या तिघांची नावे व गोत्र लागते. एमिलीच्या घराण्यास गोत्र नाही, पण त्यावरही शास्त्रात मार्ग आहे. तीन नावे मिळवा, एवढेच काम.

तीन नावांत समाधान मानणारा तो पुरुष नव्हता. इंग्लंडात एमिलीची एक आत्या होती. तिने घराण्याची वंशावळ बरीच मागेपर्यंत लावलेली होती. वामनरावांनी ती संपूर्ण मागवली, कागद जोडून जोडून फ्रिजपासून देवघरापर्यंत भिंतीवर चिकटवली, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने एकेक पिढी तपासत ते मागे मागे गेले. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच्या लेडी मॉड नामक एका सरदारकन्येपाशी ते थबकले. तिच्या वडिलांच्या जागी आत्याबाईंनी दोन नावे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते. काहींच्या मते ती सर हम्फ्री यांची कन्या, काहींच्या मते सर रॉजर यांची, आणि तिकडील विद्वानांत याचा निकाल अद्याप लागलेला नव्हता.

"रिमार्क ओपन," वामनराव म्हणाले.

येथे माझा एक अपराध कबूल करणे प्राप्त आहे. वास्तविक गोत्र पित्याकडून पुत्राकडे जाते. वंशातील एखाद्या स्त्रीचा पिता कोण, याने काही बिघडत नाही. हे सांगून मी प्रकरण तेथेच मिटवू शकलो असतो. परंतु वामनरावांनी दाखवून दिले की मॉडबाईंच्या मुलाने बापाचे नाव न लावता आईची जहागीर व त्या जहागिरीचेच नाव घेतले, आणि ऑल्डरविक हे आडनाव तेथूनच आले. ते ऐकून विद्येच्या अहंकाराने माझ्या मुखातून निघून गेले की, आपल्या शास्त्रात अशा मुलास पुत्रिकापुत्र म्हणतात, आणि तो आईच्या वडिलांच्या कुळात गणला जातो. वामनरावांनी तो शब्द वहीत लिहून घेतला, खाली दोन रेघा ओढल्या, आणि म्हणाले, "म्हणजे घराण्याचा मूळ पुरुष तो बाप. बाप सापडला पाहिजे."

मी सावरण्याचा प्रयत्न केला. मूळ पुरुष माहीत असेल तर पुरोहिताचे गोत्र योजून कार्य चालवता येते. माहीत नसेल तर काश्यप गोत्र धरावे, अशी सोय आहे. माझे गोत्र वसिष्ठ. दोन्ही मार्गांनी वाट मोकळी, असे मला वाटले.

वामनरावांनी वही मिटली. मग म्हणाले, "गुरुजी, आम्ही लेले. आमचं गोत्र काश्यप."

हे माझ्या ध्यानातून पूर्णपणे गेले होते. मॉडबाईंचा पिता अज्ञात राहिला तर एमिली काश्यप; निनादही काश्यप; म्हणजे सगोत्र विवाह, म्हणजे भाऊबहीण. मी म्हटले, अहो, हम्फ्री नाहीतर रॉजर, दोघांपैकी कोणीतरी एक होताच ना. ते म्हणाले, "संकल्पात 'किंवा' म्हणून चालेल का?" चालत नाही. आजवर मी सहस्रावधी संकल्प सांगितले, त्यांत 'किंवा' कधी उच्चारलेले नाही.

अशा रीतीने, एका इंग्रज सरदाराच्या घरातील सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट निश्चित झाल्यावाचून यिशुनमधील विवाह होणार नव्हता. निमंत्रणपत्रिकेचा मसुदा छापखान्यात जाण्यापूर्वीच त्यावर लाल चिठ्ठी लटकली.

पुढील चार महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. वामनराव आत्याबाईंना कारखान्याच्या पद्धतीने पत्रे लिहीत: वर विषय, 'मॉड, वडील, प्रलंबित', आणि खाली क्रमांक घातलेले प्रश्न. त्या बिचाऱ्या सज्जन विदुषीने प्रत्येकास उत्तर दिले. तिने कळवले की, मॉडबाईंच्या शिक्क्यावर सर रॉजर यांच्या घराण्याच्या चिन्हातील पक्षी आहे. वामनरावांना तो पुरावा मान्य झाला नाही. पाइपावर रंग दिला म्हणजे आतून तेच वाहते असे नव्हे, हे त्यांनी अनुभवावरून तिला कळवले. मॉडबाईंची पत्रिका करता येईल का, असे त्यांनी मला विचारले. जन्मवेळ मिळत नसल्याने ते राहिले. निनादची धाकटी बहीण ईशा शाळेतून येई, भिंतीवरील कागदाखालून वाकून स्वयंपाकघरात जाई, आणि एकदा जाता जाता येथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा, शी इज डेड, लाह. शी डोन्ट माइंड." वामनरावांनी तिला समजावले की, बाई गेल्या म्हणून काम संपत नाही, काम करणारा आहे तोवर काम आहे.

सुमतीवहिनींचे मत वेगळे होते. त्या मला म्हणाल्या, "सातशे वर्षांत त्या बाईचं बापावाचून काही अडलं नाही. यांचं मात्र अडलंय."

आणि एके रविवारी वामनरावांनी आम्हा सर्वांना घरी बोलावले. मध्ये पेढे ठेवले होते. त्यांचा शोध पूर्ण झाला होता. सर हम्फ्री यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या एका मुलीचा उल्लेख होता, परंतु तिचे नाव जोन होते, मॉड नव्हे. या एका कारणाने विद्वान लोक हम्फ्री यांस बाद करीत. वामनराव म्हणाले की, तिकडच्या विद्वानांना एवढी साधी गोष्ट सुचू नये याचे आश्चर्य वाटते. त्यांनी सुमतीवहिनींना उभे राहावयास सांगितले.

"ही माहेरची कुसुम," ते म्हणाले. "लग्नात आम्ही नाव ठेवलं सुमती. कागदावर बायका दोन, प्रत्यक्षात बाई एक. तशी माहेरची जोन, ती सासरची मॉड."

मला ते तत्काळ पटले, हे मी लपवीत नाही. वधूचे नवे नाव तांदळांत अंगठीने लिहिताना मी इतक्या वेळा पाहिले आहे की, हाच विचार मलाही कसा सुचला नाही याची खंत वाटली. आम्ही पेढे खाल्ले. एमिलीनेही खाल्ला. केवळ, आत्याला कळवते, एवढे म्हणाली. त्या मुलीच्या विनयाचे मला आजही कौतुक वाटते.

दोन दिवसांनी आत्याबाईंचे उत्तर आले. इंग्लंडात विवाहसमयी वधूचे नाव बदलण्याची रीत नाही व नव्हती. शिवाय एक जुना कज्जा उपलब्ध असून त्यात जोन आणि मॉड या दोघींनी एकमेकींविरुद्ध तक्रार केली होती; एकीच्या शेळ्या दुसरीच्या कुरणात शिरत असत. सुमतीवहिनी म्हणाल्या, म्हणजे मी आणि कुसुम शेळ्यांवरून भांडलो. वामनराव हसले नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवून ते गॅलरीत जाऊन बसले.

इकडे विवाहाची तिथी तीन आठवड्यांवर आली होती. एमिलीच्या आईवडिलांनी विमानाची तिकिटे काढली होती. निनादचा धीर सुटला. आपण दोघे सरकारी कचेरीत सही करून मोकळे होऊ, आजोबांना त्यांची मॉड लखलाभ असो, असे तो माझ्यासमोर म्हणाला. त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही.

त्याच सायंकाळी मी देवळातून परतत असता ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत वामनराव दगडी बाकावर बसलेले दिसले, आणि शेजारी एमिली. तिने मलाही बसावयास सांगितले. मग तिने त्यांना सरळ विचारले की, आजोबा, माझे वडील घरांच्या छपरांची कौले विकतात. आजवर कोणी त्यांना त्यांचे वडील विचारले, आजोबा विचारले, त्यापलीकडे कोणी गेले नाही. तुम्हाला हे कशासाठी हवे आहे?

वामनरावांनी आधी इंग्रजीत सुरुवात केली. शब्द नीट जमेनात, म्हणून ते मराठीत बोलले आणि मी तिला सांगत गेलो. "उद्या आमच्यातलं कुणी बोट दाखवून म्हणेल, ही कुठली कोण, गोत्र नाही, मूळ नाही. तेव्हा उत्तर द्यायला मी असेन असं नाही. म्हणून जाण्याआधी सगळं पक्कं करून ठेवतोय. तुझ्यात काही खोट आहे म्हणून नव्हे, पोरी. कुणाला काढताच येऊ नये म्हणून."

एमिलीने निनादला फोन करून एवढेच सांगितले की, रविवारपर्यंत थांबू या.

शुक्रवारी सकाळी वामनराव माझ्या घरी आले. मी रात्रभर ग्रंथ चाळून एक उपाय काढून ठेवला होता: परगोत्री दांपत्याने मुलीस दत्तक घ्यावे व कन्यादान करावे. अशा विवाहांत पुष्कळ ठिकाणी हेच करतात. आम्हा उभयतांस अपत्य नाही. माझी पत्नी मालती आणि मी एमिलीस ओटीत घेऊ, म्हणजे ती वसिष्ठ गोत्राची झाली, आणि प्रश्न मिटला.

वामनरावांनी मान हलवली. "तिचा बाप समोर खुर्चीवर बसलेला असणार. एवढ्या लांबून यायचं, आणि मुलगी दुसऱ्याच्या नावानं द्यायची? नाही जमायचं." मग पुढे झुकून म्हणाले, "गुरुजी, जिला बाप आहे तिला दुसरा कशाला? जिला नाही तिला द्या. मॉडबाईंना दत्तक घ्या."

मी आक्षेप घेतले. ती मृत आहे. ते म्हणाले, श्राद्धात आपण मृतांना जेवायला बोलावतोच. ती माझ्याहून सातशे वर्षांनी मोठी आहे. ते म्हणाले, वयाचा दाखला कोण मागतो. दत्तक देणारा पिता हवा. ते म्हणाले, दोघांपैकी एकही सातशे वर्षांत हक्क सांगायला आलेला नाही, एमिलीच देईल. मी म्हटले की, हे कोणत्याही ग्रंथात नाही. यावर बोलली ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मालती.

"मी घेते," ती म्हणाली. "पण नाव बदलायचं नाही हं तिचं. मॉडच राहू दे."

चाळीस वर्षे संसार केला. एवढ्या निश्चयाने ती क्वचितच बोलली असेल. मी पंचांग उघडले.

रविवारी, लेल्यांच्याच घरी, त्या वंशावळीखाली पाट मांडले. मॉडबाईंच्या स्थानी सुपारी ठेवली. एमिलीने ती दोन्ही हातांनी उचलून मालतीच्या ओटीत दिली, आणि मी वसिष्ठ गोत्राचा उच्चार केला. शास्त्राच्या मर्यादेबाहेर पाऊल पडले हे मी जाणतो. त्याबद्दल पुढे सहस्र गायत्रीजप केला. परंतु तो उच्चार मी न अडखळता केला. वामनरावांनी आत्याबाईंच्या कागदावरील प्रश्नचिन्ह खोडले, तेथे माझे नाव लिहिले, सही केली, आणि निमंत्रणपत्रिकेवरील लाल चिठ्ठी काढून निनादच्या हाती दिली.

विवाह उत्तम झाला. कौले विकणारे ऑल्डरविकसाहेब रेशमी धोतर सावरीत बसले होते; त्यांच्या पित्याचे, पितामहाचे नाव मी मोठ्याने उच्चारले तेव्हा त्यांनी चमकून वर पाहिले आणि पत्नीचा हात धरला.

एक गोष्ट मात्र मी गृहीत धरली नव्हती. मॉडबाई माझी कन्या, एमिली तिच्या कुळातील. म्हणजे मी वधूपक्षाचा मूळ पुरुष, आणि वामनराव वरपक्षाचे. त्या दिवसापासून त्यांनी मला गुरुजी म्हणणे सोडले व व्याही म्हणू लागले. वरपक्षाने एकदा तरी रुसावे असा प्रघात आहे, म्हणून चहा उशिरा आल्याचे निमित्त करून ते पाऊण तास माझ्याशी बोलले नाहीत. मधूनच वळून पाहत, मी समजूत काढावयास येतो की नाही. मी गेलो. हाती नारळ दिला. लगेच प्रसन्न झाले.

वर्ष उलटण्यापूर्वी निनाद आणि एमिली तिच्या माहेरी जावयास निघाले, तेव्हा वामनराव व सुमतीवहिनीही सोबत निघाले. ज्या गावच्या चर्चमध्ये मॉडबाईंची समाधी आहे तेथे जाण्याचा त्यांचा संकल्प होता. आम्ही दोघे सकाळी विमानतळावर निरोप द्यावयास गेलो. मालतीने एक पिशवी करून आणली होती: हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, वर नारळ. लग्न झालेल्या मुलीला पहिल्या वर्षी माहेरून ओटी गेली पाहिजे, असे तिने मला सांगितले होते. मी वाद घातला नाही. वामनरावांनी ती पिशवी सामानात टाकू दिली नाही, छातीशी धरली.

काउंटरवरील मलाय मुलीने आत काय आहे हे विचारले. त्यांनी एकेक वस्तू बाहेर काढून दाखवली. हे कोणासाठी, असे तिने विचारले. वामनरावांनी मागे वळून माझ्या पत्नीकडे बोट केले.

"हर डॉटर," ते म्हणाले. "मॅरीड. इंग्लंडला असते. आईनं पाठवलंय."

ती मुलगी मालतीकडे पाहून हसली, आणि पिशवीस चिकटपट्टी लावून तिने ती अलगद परत दिली. मालतीने पदर डोळ्यांस लावला. वामनराव पिशवी दोन्ही हातांत धरून, आपल्या तुरुतुरु चालीने, काचेच्या दारातून आत गेले. मी त्यांना पाहिले ते हे शेवटचे. इंग्लंडहून परतल्यावर थोड्याच दिवसांत झोपेतच त्यांचे देहावसान झाले, आणि मी त्या वेळी तीर्थयात्रेस गेलो होतो. ओटी पोहोचल्याचे त्यांनी तेथूनच एका ओळीत कळवले होते: 'व्याही, रिमार्क क्लोज.'

हे वाचणाऱ्या वा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी मुलीबाळी सुखाने येवोत, सुखाने जावोत. कोणाही लेकीला कोठली कोण असे विचारले न जावो. घरातील वृद्धांचे हट्ट पुरोत आणि तरुणांचा धीर टिको. देवघरातील दीप आणि स्वयंपाकघरातील अग्नी अखंड राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना. शुभं भवतु.